८१व्या वर्षी पहिलं ॲप! आई-बाबांच्या फोनमध्ये दडलेली बिझनेसची संधी

मागच्या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा बाबांनी नेहमीसारखा फोन माझ्या हातात दिला. "जरा लाईट बिल भरून दे रे." मी म्हटलं, "सोप्पं आहे बाबा, उजवीकडे स्वाइप करा." त्यांनी केलं. काहीच झालं नाही. तीनदा प्रयत्न करून म्हणाले, "जाऊ दे, या वयात नाही जमायचं आता."

बाबा फक्त ५६ वर्षांचे आहेत. कारखाना बंद होईपर्यंत ३० वर्षं लेथ मशीन चालवलं त्यांनी. आणि मी रोज ऑफिसात असेच स्वाइपवाले स्क्रीन बनवतो. मग चूक नक्की कोणाची?

याचं उत्तर जपानमधल्या एका आजींनी दिलंय.

कोण आहेत या आजी?

मासाको वाकामिया, जन्म १९३५. आयुष्यभर बँकेत नोकरी केली. साठीच्या आसपास पहिला कॉम्प्युटर घेतला, कारण आईची काळजी घ्यायची होती आणि घरात बसून लोकांशी बोलायचं होतं. तो सेटअप करून ऑनलाइन जायलाच त्यांना काही महिने लागले!

पुढे स्मार्टफोन आले. त्यात म्हाताऱ्या माणसांना मजा येईल असा गेमच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. एका तरुण डेव्हलपरला त्यांनी बनवायला सांगितलं, तर तो म्हणाला, तुम्हीच बनवा. मग आजी स्विफ्ट ही प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकल्या, तीही बरीचशी स्काइपवरून. २०१७ मध्ये, ८१व्या वर्षी, त्यांचं 'हिनादान' हे आयफोन ॲप आलं. जपानमध्ये ३ मार्चला मुलींच्या सणाला बाहुल्या मांडतात. त्या १२ बाहुल्या योग्य जागी ठेवायच्या, एवढाच गेम. त्याच वर्षी ॲपलने त्यांना आपल्या डेव्हलपर परिषदेला बोलावलं.

आता महत्त्वाची गोष्ट बघा. या गेममध्ये स्वाइप नाही, फक्त टॅप आहे. वयस्कर बोटांना स्वाइप जड जातं, हे आजींना कोणी सर्व्हे करून सांगावं लागलं नाही.

स्वाइप का जमत नाही?

आपल्या फोनचा स्क्रीन दाबाने चालत नाही. बोट टेकलं की तिथला विजेचा भार किंचित बदलतो आणि तोच फोन ओळखतो. वय वाढतं तशी त्वचा कोरडी होते, त्यामुळे हा सिग्नल कमकुवत पडू शकतो. त्यात बोट मध्येच उचललं गेलं किंवा जास्त वेळ टेकून राहिलं, की फोन त्याचा भलताच अर्थ लावतो.

डोळ्यांचं तर आपल्या भाषेतच आहे. जवळचं वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो! म्हणजे बारीक राखाडी अक्षरांचा त्रास चाळिशीतच सुरू होतो, सत्तरीत नाही.

यात बिझनेस कुठे आहे?

जपानमध्ये साधारण २९ टक्के लोक ६५ च्या पुढचे आहेत. तिथे 'राकुराकु' नावाचे फोन वर्षानुवर्षं विकले गेले. राकुराकु म्हणजे अगदी सोपं. पण हा फोन बनवणारी कंपनी २०२३ मध्ये आर्थिक अडचणीत आली आणि तो व्यवसाय लेनोवोकडे गेला. म्हणजे संधी आहे, पण 'सीनियर' असा शिक्का मारला की पैसा आपोआप येतो असं नाही.

आता आपल्याकडे बघू. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात साठीपुढचे सुमारे १५ कोटी लोक आहेत आणि २०५० पर्यंत ते सुमारे ३५ कोटी होतील. औषधांच्या वेळा, बँकेची कामं, प्रवासात सोबत, घरी येऊन फोन शिकवणं, या सगळ्याला माणसं लागणार. आणि ही गरज कोणाला जास्त कळते? २२ वर्षांच्या कोडरला की आईवडिलांना सांभाळणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला? वाकामिया आजींची ताकद कोडिंग नव्हती, अडचण आतून माहीत असणं ही होती.

आज तुम्ही काय करू शकता?

घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये सेटिंग्जमधलं 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा. (फोननुसार नावं थोडी वेगळी असतील.)

१. अक्षरं आणि डिस्प्ले साइज दोन्ही वाढवा.
२. 'टच अँड होल्ड डिले' वाढवा, म्हणजे बोट जरा रेंगाळलं तरी भलतं काही उघडणार नाही.
३. खालच्या जेस्चरऐवजी तीन बटणांचं नेव्हिगेशन लावा.
४. सगळ्यात अवघड : फोन त्यांच्या हातून काढून घेऊ नका. वेळ लागू दे.

मी हे केलं. पुढचं बिल बाबांनी स्वतः भरलं, वीस मिनिटं लागली. मग चष्मा काढत म्हणाले, "पाण्याच्या मोटारी रिपेअर करायचं दुकान टाकलं, तर पेमेंट यातच घेता येईल ना रे?"

क्यूआर कोड मी काढून देणार होतो. म्हणाले, "थांब, मला दाखव. मीच काढतो."