वृद्धांची अन्नावरील वासना

गोठ्यातील बैलाने एक वेळ वैरण सोडली, तर शेतकरी त्याच दिवशी त्याचे तोंड व रवंथ पाहतो. परंतु घरातील वृद्ध आई अर्धी भाकरी टाकून उठू लागली असता "आता वयच झाले" एवढे म्हणून सर्व स्वस्थ राहतात. हा समज घातक आहे, म्हणून आम्ही हे लिहीत आहो.

वयोमानाने भूक काहीशी मंदावते हे खरे. जठरातील अन्न सावकाश पुढे सरते, रुची व गंध कमी कळतात, तहानही पूर्वीसारखी लागत नाही. पण वासना समूळ उडून देह झडत जाणे हा वार्धक्याचा धर्म नव्हे. त्यामागे बहुधा कारण असते, आणि ते पुष्कळदा दूर करता येते. दात पडले की कडक भाकरी व शेंगदाणे आपोआप सुटतात. बद्धकोष्ठ, जोडीदार गेल्यानंतरची उदासीनता, मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारखी औषधे (ती आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत), ही तशीच कारणे होत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची शंका धरून थुंकी तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते.

आमच्या जालना जिल्ह्यात आणखी एक कारण आहे. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर ह्या भागांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे म्हातारी माणसे राहतात. एकट्या जिवासाठी दोन वेळा चूल कोण पेटविणार? सकाळची भाकरी सायंकाळी चटणीशी खाल्ली जाते. पोट भरते, पण स्नायू झिजतात. वजन घटणे, थकवा, हाताची पकड ढिली होणे, चाल मंदावणे व हालचाल कमी होणे, ही दुर्बलतेची पाच लक्षणे लिंडा फ्राइड प्रभृती डॉक्टरांनी २००१ साली ठरविली. त्यांपैकी तीन दिसली म्हणजे साधा ताप किंवा पाय घसरणेही अशा माणसास अंथरुणास खिळविते.

मोंढ्यावर आपण सोयाबीनचा काटा डोळ्यांत तेल घालून पाहतो. महिन्यातून एकदा वृद्धांचेही वजन करावे. ६० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत ३ किलो विनाकारण घटले, तर त्यास दवाखान्यात न्यावे.

वृद्धांस दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान १ ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांस विचारून. १०० ग्रॅम ज्वारीत ती सुमारे १०, तूरडाळीत २२, शेंगदाण्यांत २५ ग्रॅम असतात; एका अंड्यात ६. तेव्हा वरणात कुस्करलेली भाकरी, ताकातील ज्वारीच्या कण्या, मुगाची खिचडी, शेंगदाण्याचे कूट असे मऊ अन्न थोडे थोडे, चारपाच वेळा द्यावे. जेवताना कोणी जवळ बसले तर दोन घास अधिक जातात, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे. ऊसतोडीस निघणाऱ्यांनी भावकीत किंवा शेजारी शिधा व डाळ देऊन, म्हाताऱ्यांचे एक वेळचे ताजे जेवण तरी त्यांच्या पंक्तीस होईल अशी तजवीज गाव सोडण्यापूर्वीच करावी.