नित्यकर्माचे समर्पण : ख्रिस्ती परंपरेतील एक विचार

अहवालाच्या मागील पानांवरील आकडेवारी आपण पाहिली असेलच. किती रुग्णांवर उपचार झाले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, देणग्यांचा विनियोग कसा झाला, याची नोंद तेथे आहे. परंतु रात्रपाळीत किती वेळा चादरी बदलल्या गेल्या, किती बेडपॅन धुतले गेले, भेदरलेल्या रुग्णाचा हात धरून कोण किती वेळ बसले, याचे कोष्टक मांडता येत नाही. कोणीही न मोजलेल्या या कामाचे मोल कोणते? ख्रिस्ती धर्मपरंपरेने या प्रश्नाचा शतकानुशतके विचार केला आहे. तो विचार वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

येशू ख्रिस्त सुताराच्या घरी वाढला आणि स्वतःही तेच काम करीत असे. मृत्यूच्या आदल्या रात्री त्याने शिष्यांचे पाय धुतले. हे काम त्या काळी घरातील गड्याचे समजले जाई. प्रेषित पौल तंबू तयार करून पोटापुरते मिळवीत असे. यातून ख्रिस्ती श्रद्धेत अशी धारणा रुजली, की काम मुळात उच्च वा नीच नसते. ते कोणासाठी आणि कोणत्या भावनेने केले जाते, यावर त्याची योग्यता ठरते.

सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. मठाची भांडीकुंडी वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे सांभाळावीत, असे त्यांनी कोठाराच्या व्यवस्थापकास बजावले. एखाद्या कारागिरास आपल्या कौशल्याचा गर्व झाला, तर तो नम्र होईपर्यंत ते काम त्याच्याकडून काढून घ्यावे, असाही नियम त्यांनी घातला. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत. त्यांना त्या कामाची मुळीच आवड नव्हती. तरीही चुलीपुढे उभे असताना आपण प्रार्थनेतच आहोत, असा त्यांचा अभ्यास होता. १८४४ साली फ्रान्समध्ये गोत्रले नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी, दूरदेशी सेवेस जाण्यासाठी अधीर झालेल्या विद्यार्थ्यांना, आजचा अभ्यास व आजचे कष्ट हेच देवाला अर्पण करावेत, असे सुचविले. सकाळी उठताच दिवसभराचे काम देवाला वाहण्याची प्रार्थना कॅथलिक कुटुंबांत जगभर पसरली, ती प्रामुख्याने या प्रेरणेतून.

आपल्या मुंबईतही याचे एक तेजस्वी उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीनजीक 'शारदा सदन' सुरू केले. पुढे महर्षी कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदन १८९० मध्ये पुण्यास गेले आणि नंतर केडगाव येथे 'मुक्ती' उभे राहिले. दुष्काळातून आलेल्या शेकडो निराधार स्त्रिया व मुली तेथे शेती, विणकाम, स्वयंपाक आणि छापखाना चालवू लागल्या. संस्कृत पांडित्यासाठी देशभर गौरविल्या गेलेल्या रमाबाईंनी अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात वेचली. आणि भाषा मुद्दाम साधी ठेवली, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावी म्हणून. त्यांच्या लेखणीतील मजकुराचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले. विदुषीची लेखणी आणि अनाथ मुलीचे बोट एकाच अर्पणात सामील झाले.

मराठी वाचकांस हा भाव परका नाही. मळ्यात विठ्ठल पाहणारे सावता माळी, चिखल तुडवीत नामात रंगणारे गोरोबा आणि दळणकांडण करणारी जनाबाई आपल्या घरचीच. लालबाग-परळच्या गिरण्यांत दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या जात, त्यामागेही कामाविषयीचा आदरच होता.

तथापि या विचाराचा विपर्यासही होऊ शकतो, हे आम्ही नम्रपणे नमूद करू इच्छितो. देवाला वाहिलेले काम निष्काळजीपणे करता येत नाही. हात धुण्यातील आळस किंवा औषधाच्या मात्रेतील चूक प्रार्थनेने भरून निघत नाही; उलट अर्पण करावयाचे म्हणूनच ते अधिक निर्दोष हवे. नम्रता म्हणजे चूक झाकणे नव्हे, तर ती वेळीच वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य होय. आणि समर्पण हे ज्याचे त्याने करावयाचे असते. दुसऱ्याच्या श्रमांचे समर्पण आपण करू शकत नाही. 'सेवा' हा शब्द पुढे करून आया, वॉर्डबॉय वा सफाई कामगार यांच्या वेतनाकडे आणि विश्रांतीकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार कोणत्याही विश्वस्त मंडळाला नाही, आम्हालाही नाही. पाय धुणाऱ्या गुरूची गोष्ट प्रथम वरच्या खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी आहे.

देणगीदारांचे दान आणि तज्ज्ञांचे कौशल्य यांविषयी आम्ही कृतज्ञ आहोतच. परंतु पहाटे सर्वांच्या आधी येऊन जिने पुसणाऱ्या हातांचेही ऋण आमच्यावर आहे. त्यांची नोंद कोणत्याही कोष्टकात सापडणार नाही, म्हणून ती येथे करीत आहोत.