कॉइल नसलेला चुंबक

मुकुंदवाडीतून चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या कुणाही ग्राइंडरवाल्याला विजेवर चालणारा चुंबक नवा नाही. मॅग्नेटिक चकवर जॉब ठेवायचा, स्विच टाकला की जॉब घट्ट बसतो, बंद केला की सुटतो. जॉबमध्ये उरलेलं चुंबकत्व घालवायला उलटा करंट द्यायचा. त्यामुळे ‘अणूइतक्या पातळ पदार्थाचं चुंबकत्व विजेनं बदलता येतं’ हे ऐकून, यात वेगळं ते काय, असं त्याला वाटणं साहजिक आहे. इथेच पहिला गैरसमज होतो.

चकच्या कॉइलमधून करंट सतत वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र बनतं, कॉइल तापते. पातळ थराला कॉइलच नसते. थराजवळ ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराचा, पापुद्रा, मध्ये विद्युतरोधक. काही व्होल्ट दिले की थरातले इलेक्ट्रॉन कमी-जास्त होतात आणि त्यातल्या चुंबकीय दिशा एकमेकींशी कशा जुळतील, हेच बदलतं. करंट जवळपास वाहतच नाही. क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या दोन थरांची जोडी घ्या. दोन्ही थर चुंबक, पण तोंडं उलट, म्हणून बाहेर बेरीज शून्य. 2018 मध्ये जिए शान आणि किन फाई माक यांच्या गटानं व्होल्टेजनं इलेक्ट्रॉन वाढवले आणि बाहेरच्या चुंबकाशिवाय दोन्ही थर एका दिशेला वळवले. मला या सगळ्या विषयातला हाच प्रयोग सर्वांत सुंदर वाटतो.

‘एकच थर उरला तर चुंबकत्व टिकणार नाही’ हा समज जाणकारांतही होता. त्याला आधार 1966 च्या मर्मिन-वॅग्नर प्रमेयाचा; पण त्यातली अट विसरली जाते. सगळ्या दिशा सारख्याच असतील, तरच उष्णतेची धडपड द्विमितीय थरातली शिस्त मोडते. क्रोमियम ट्रायआयोडाइडमध्ये मात्र अणूंच्या चुंबकत्वाला थराला लंब दिशाच पसंत असते. 2017 मध्ये शियाओदाँग शू, पाब्लो हारिलो-हेरेरो आणि सहकाऱ्यांनी त्याच पदार्थाच्या एका थराचा चुंबक दाखवला. जाडी सुमारे 0.7 नॅनोमीटर, वहीच्या कागदाच्या जाडीत असे लाखाहून जास्त थर मावतील. हवेत तो मिनिटांत खराब होतो, म्हणून चिकटपट्टीनं सोलायचं काम निष्क्रिय वायूच्या बंद पेटीत चालतं.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) मंदार देशमुख यांचा गटही असे पापुद्रे रचून व्होल्टेजनं त्यांचे गुण पालटून पाहतो. तिथे भर ग्राफीनवर आहे.

हे उद्या फोनमध्ये येईल? नाही. क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या एका थराचं चुंबकत्व 45 केल्विनच्या, म्हणजे उणे 228 अंश सेल्सिअसच्या, वर टिकत नाही. लोह, जर्मेनियम आणि टेल्युरियमच्या मोजक्या थरांत मात्र 2018 मध्येच, व्होल्टेजनं लिथियमचे आयन घुसवून, चुंबकत्व खोलीच्या तापमानापर्यंत नेलं गेलं आहे.

आणि हा चुंबक जॉब धरणार नाही, टाचणीसुद्धा नाही. त्याची ओढ इतकी क्षीण की ती प्रकाशानं वाचावी लागते: थरावर लेसर सोडायचा आणि परतलेल्या किरणाच्या कंपनाची दिशा किती वळली, ते मोजायचं.