परसांतील खुराडें आणि माश्यांचा बंदोबस्त

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस लोटले, कीं ज्यांच्या परसांत कोंबड्या आहेत त्यांच्या घरीं एक गाऱ्हाणें हटकून ऐकूं येतें. ताटावर माशी, दुधाच्या पातेल्यावर माशी, निजलेल्या मुलाच्या तोंडावर माशी. शेजारी प्रथम कुरकुरतो, मग भांडतो, आणि शेवटीं घरांतील कर्ता पुरुष त्रासून म्हणतो, "या कोंबड्या बाजारांत नेऊन विका." गांवोगांवीं अंड्यांचा पैसा बहुधा घरधनिणीच्या हातीं असतो. मीठमिरची, मुलांच्या वह्या, अडीअडचणीचें औषधपाणी त्यांतून भागतें. कोंबड्या गेल्या कीं तो पैसा जातो. पण गोठा आणि उकिरडा जागच्या जागीं असल्यामुळें माश्या कांहीं पुरत्या जात नाहींत. म्हणून कोंबड्या काढण्यापूर्वीं माशी कोठें जन्मते, हें प्रत्येक कोंबडीपालकानें एकदां नीट पाहावें, अशी आमची विनंति आहे.

उदाहरणादाखल जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील कुंभार पिंपळगांव हें गांव डोळ्यांपुढें आणावें. हा गोदावरीच्या खोऱ्यांतील मुलूख. कपाशी, तूर, सोयाबीन आणि जेथें पाणी आहे तेथें ऊस, हीं येथील पिकें. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या तालुक्यांतून पुढें परभणीकडे जातो. काळी जमीन पिकाला चांगली. पण खुराड्याच्या तळाशीं तीच वैरीण ठरते. ती एकदां भिजली कीं लवकर सुकत नाहीं, आणि वर पडलेली विष्ठाही ओली ठेवते. वैशाखांतील कडक उन्हांत त्याच खुराड्याशीं माश्या कमी दिसतात, याचें कारण इतकेंच कीं उन्हानें विष्ठा वाळून खडखडीत होते. यावरून मुख्य गोष्ट ध्यानांत येते: माशी कोंबडीमुळें होत नाहीं, ती ओल्या विष्ठेमुळें होते.

घरमाशीचा जन्मक्रम असा आहे. मादी ओल्या व कुजूं लागलेल्या विष्ठेंत एका वेळीं 75 ते 150 अंडीं घालते. आणि आयुष्यांत असे कित्येक घाणे घालते, म्हणजे एकीचीं अंडीं सुमारें 500 पर्यंत जातात. उबदार हवेंत अंडें एका दिवसाच्या आंत फुटतें व पांढरी अळी बाहेर पडते. अळी चार-पांच दिवस विष्ठेंत खाऊन वाढते. मग ती ओल सोडून ढिगाच्या कडेला, कोरड्या भुसभुशीत मातींत शिरते आणि तेथें तिचा तांबूस कोश होतो. हे कोश लहानशा दाण्यांसारखे दिसतात. पुष्कळ लोक त्यांस बीं समजून सोडून देतात. आणखी चार-पांच दिवसांनीं त्यांतून माशी निघते. याप्रमाणें पावसाळी उबेंत अंड्यापासून माशीपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. थंडींत हा काळ लांबतो. म्हणजे पंधरा दिवसांनीं एकदां खुराडें झाडणारा मनुष्य माश्यांची एक अख्खी पिढी बाहेर पडूं देतो, आणि आठवड्यांतून दोनदां झाडणारा तिला कोशापर्यंतही पोंचूं देत नाहीं. दोघांच्या कष्टांत फरक थोडा, पण फळांत फार मोठा आहे.

माशी चावत नाहीं, म्हणून तिला क्षुल्लक समजूं नये. तिला घन पदार्थ खातां येत नाहीं. ती त्यावर तोंडांतील ओला थेंब सोडते, पदार्थ विरघळविते व मग शोषते. आधीं विष्ठेवर आणि मग भाकरीवर बसून ती हेंच करते. तिच्या पायांवरील केंसांस जी घाण चिकटते तीही अन्नावर उतरते. 1898 सालीं स्पेनशीं झालेल्या युद्धाच्या वेळीं अमेरिकन छावण्यांत विषमज्वरानें मोठी प्राणहानि केली. छावणीच्या शौचकूपांत चुना टाकलेला असे. आणि भोजनाच्या तंबूंत अन्नावर बसलेल्या माश्यांच्या पायांस तोच पांढरा चुना लागलेला चौकशी करणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीस पडला. माशी कोठून कोठें जाते, याचा याहून उघड पुरावा तो कोणता? अतिसार, आमांश व विषमज्वर यांचीं बीजें ती अशा रीतीनें वाहते, आणि त्यांचा पहिला तडाखा लहान मुलांस बसतो.

कोंबड्यांसही माशीपासून अपाय आहे. पक्ष्यांच्या आंतड्यांतील एका जातीचा पट्टकृमि माशीच्या अंगांत वाढतो, आणि तशी माशी खाल्ल्यानें कोंबडीच्या पोटांत जातो. म्हणून "कोंबड्या माश्या आणि अळ्या खातात, त्यांना तेवढाच चारा," असें समजून स्वस्थ बसणें बरें नव्हे. मेलेली कोंबडी किंवा उंदीर उघड्यावर पडला आणि त्यांत पडलेल्या अळ्या कोंबड्यांनीं खाल्ल्या, तर विषबाधा होऊन त्यांची मान लुळी पडते व त्या मरतात. हा विकार मानमोडीहून, म्हणजे राणीखेत रोगाहून, निराळा आहे. राणीखेत हा विषाणूचा सांसर्गिक रोग असून त्यावर लस आहे. विषबाधेवर मात्र मेलेलें जनावर तत्काळ खोल पुरणें हाच खरा प्रतिबंध.

माश्या झाल्या कीं औषध फवारावें, हा विचार प्रथम सुचतो. त्याचा अनुभव जगानें पूर्वींच घेतला आहे. डी. डी. टी. या द्रव्याचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर या स्विस रसायनज्ञानें 1939 सालीं ओळखला व त्याबद्दल 1948 सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्यापूर्वींच, 1946–47 च्या सुमारास, स्वीडन व इटली या देशांत त्या औषधास दाद न देणाऱ्या घरमाश्या आढळल्या होत्या. ज्या थोड्या माश्या फवाऱ्यांतून वांचतात त्यांची प्रजा वाढते, आणि पिढी आठ-दहा दिवसांची असल्यामुळें औषध लवकरच निकामी होतें. भारतांत 1989 सालीं शेतीसाठीं डी. डी. टी. च्या वापरावर बंदी आली. विष्ठेच्या ढिगावर औषध मारण्याचा दुसराही तोटा आहे. त्या ढिगांत माशीचीं अंडीं व अळ्या खाणारे लहान भुंगे आणि सूक्ष्म कोळी राहतात. कोशास भोंक पाडून त्यांत आपलें अंडें घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही असतात. फवाऱ्यानें हे मित्र आधीं मरतात. शिवाय तें विष दाण्यांतून व पाण्यांतून अंड्यांत उतरण्याचें भय असतें. म्हणून कपाशीवर मारण्याचें औषध उरलें आहे, तेंच खुराड्यांत मारूं, असें कोणीं कदापि करूं नये.

आतां उपाय. पहिला उपाय जागेचा. खुराड्याचा तळ भोंवतालच्या जमिनीहून वीतभर तरी उंच करावा, त्यावर मुरूम घालून तो चोपावा, आणि उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा. छपराची वळचण इतकी पुढें असावी कीं पावसाची झड आंत येऊं नये. दोन बाजूंस जाळी किंवा तुराट्यांचा कूड ठेवून वारा खेळता राहूं द्यावा. कोंबड्या रात्रीं बसतात त्या दांडीखालीं पत्र्याचा तुकडा किंवा जुनी फळी ठेवावी. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीची रात्रभराची विष्ठा तेथेंच एका जागीं पडते व सकाळीं खराट्यानें सहज निघते.

दुसरा उपाय पाण्याचा, आणि याकडेच बहुधा दुर्लक्ष होतें. कोंबड्या पाण्याचें भांडें लवंडतात व त्याभोंवतीं कायमचा चिखल होतो. अळ्या सर्वांत दाट तेथेंच सांपडतात. ज्या गांवाच्या नांवांतच कुंभार आहे, तेथें यावरचा उपाय सांगावयास नको. लहान मडक्याच्या कांठाजवळ बोटाएवढें भोंक पाडावें, तें पाण्यानें भरावें, त्यावर पसरट परळ झांकून दोन्ही एकदम उलटें करावें. परळाचा कांठ भोंकाहून थोडा उंच असला, म्हणजे लागेल तेवढेंच पाणी परळांत उतरतें. हें भांडें विटेवर ठेवून खालीं वाळू पसरावी व दर दोन-तीन दिवसांनीं जागा बदलावी.

तिसरा उपाय झाडण्याचा. अंड्यांसाठीं पाळलेली जातिवंत कोंबडी दिवसास सुमारें 100 ते 120 ग्रॅम विष्ठा टाकते. गावरान कोंबडी त्याहून कमी. दहा कोंबड्यांची विष्ठा दिवसास किलोच्या आसपास धरली तरी आठवड्याचें तें एक-दोन घमेल्यांचें काम आहे. ताज्या विष्ठेंत शेंकडा सुमारें 75 भाग पाणी असतें, आणि शेंकडा 30 भागांहून कमी ओल राहिली तर अळीची वाढ होत नाहीं. म्हणून तळावर सोयाबीनचें भूस, लाकडाचा भुसा किंवा कुट्टी केलेलें उसाचें पाचट यांचा तीन-चार बोटें थर द्यावा व तो रोज खालींवर करावा. मुठींत दाबून पाहावा. हात ओला झाला किंवा गोळा बनला, तर थर बदलण्यास आला असें समजावें. पावसाळ्यांत आठवड्यांतून दोनदां, एरव्हीं एकदां, विष्ठा व ओला थर काढावा. काढतांना कडेची बोटभर मातीही खरडून घ्यावी, कारण कोश तेथेंच असतात.

चौथा उपाय काढलेल्या खताचा. तें परसाच्या कोपऱ्यांत टाकलें तर सारे श्रम फुकट गेले. इंदूर येथें 1924 ते 1931 या काळांत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत सिद्ध केली, आणि यशवंत वाड यांच्यासह 1931 सालीं त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या पद्धतीचें तत्त्व येथें उपयोगी पडतें. एक घमेलें विष्ठेस दोन-तीन घमेलीं कोरडें भूस किंवा पाचट असें मिश्रण करून, गोठ्यांतील शेणासह, लांबी-रुंदी-उंची तीन फुटांहून कमी नाहीं असा ढीग रचावा. लहान ढीग तापत नाहीं. चांगल्या ढिगाचा मध्यभाग 60 अंश सेंटिग्रेडच्या पुढें तापतो व त्यांत अळी जगत नाहीं. ती थंड कडेला सरकते. म्हणून आठवड्यानें बाहेरचा भाग आंत व आंतला बाहेर करावा, आणि वरून वीतभर कोरडी माती घालावी.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चुना किंवा चुलीची राख ताज्या विष्ठेंत मिसळूं नये. त्यामुळें अमोनिया वायु सुटतो व खतांतील नत्र उडून जातें. कोंबडीखतांत शेंकडा सुमारें 3 भाग नत्र असतें, तर साध्या शेणखतांत अर्धा भाग. उघड्यावर महिनाभर पडलेल्या कोंबडीखतांतील निम्मेंपर्यंत नत्र वायां जाऊं शकतें. म्हणजे माशीला आमंत्रण देणारा मनुष्य आपल्या शेताचेंही नुकसान करीत असतो. चुना झाडलेल्या रिकाम्या तळावर भुरभुरावा. राख कोंबड्यांना अंग घोळण्यासाठीं वेगळ्या खळग्यांत द्यावी.

गुळाच्या पाण्याचे सांपळे किंवा चिकट कागद खुराड्यापासून दूर, सावलींत टांगण्यास हरकत नाहीं. पण त्यांनीं मोठ्या माश्याच मरतात, जन्म थांबत नाहीं. त्यांचा खरा उपयोग मोजण्यासाठीं. खुराड्याशेजारीं पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा आठवडाभर लावून त्यावरील माश्यांचे काळे ठिपके मोजावेत, तारीख घालून तो जपून ठेवावा व पुढील आठवड्याच्या तुकड्याशीं ताडून पाहावा. ठिपके वाढले, तर कोठेंतरी ओल राहिली आहे, असें जाणून शोध घ्यावा.

शेवटीं शेजाऱ्यांविषयीं. माशी मैल-दीड मैल सहज उडते. एका घरानें परस स्वच्छ ठेवलें आणि लगतचा उकिरडा उघडा राहिला, तर उपद्रव अर्धाच जाईल. म्हणून गल्लींतील चार घरांनीं मिळून एकच खतखड्डा वस्तीपासून दूर करावा आणि झाडण्याचे वार ठरवावेत. ज्या शेजाऱ्याशीं माश्यांवरून भांडण झालें, त्यालाच प्रथम बोलवावें व त्याचा वांटा म्हणून वर्षाअखेर दोन पाट्या खत द्यावें. वाचकांनीं येत्या पावसाळ्यांत हा क्रम सहा आठवडे नेमानें पाळून पाहावा, आणि कोंबड्या विकावयाच्या कीं ठेवावयाच्या, तें त्यानंतरच ठरवावें.