धोकादायक मालाचे प्रशिक्षण प्रत्येक नव्या ट्रकचालकाला हवे का?

सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याखाली उलटला आणि गळलेले पेट्रोल आसपास साचले. लोक टँकरजवळ जमले. सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. जमलेल्यांपैकी अनेक जण होरपळले आणि काहींचा मृत्यू झाला. नुकसानभरपाईचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १९९१ मध्ये हा स्फोट वाहनाच्या वापरातूनच उद्भवल्याचे मान्य करून मृताच्या वारसाचा भरपाईचा हक्क कायम ठेवला.

धडक आणि स्फोट यांच्यात चार तासांहून अधिक काळ गेला होता. अशा मधल्या वेळेत गर्दीला दूर कोणी ठेवायचे, हा प्रश्न आजही टँकरचालकापुरता मर्यादित नाही. अपघातात सापडणारे दुसरे वाहन बहुधा साधा मालवाहू ट्रक असतो.

सध्याची तरतूद

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ नुसार धोकादायक माल वाहून नेणाऱ्या चालकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणे बंधनकारक आहे. त्याने मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते. त्यात सुरक्षित वाहनचालन, प्रगत कौशल्ये आणि मालाविषयीची सुरक्षितता हे विषय असतात. त्यानंतर परवान्यावर तशी नोंद होते. या परवान्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती. २०१९ च्या सुधारणा कायद्याने ती तीन वर्षे करण्यात आली.

माल पाठवणाऱ्याने त्याची संपूर्ण माहिती देणे, ती लेखी स्वरूपात चालकाच्या केबिनमध्ये ठेवणे आणि अपघात झाल्यास चालकाने तातडीने पोलिसांना कळवणे, अशा जबाबदाऱ्याही नियमांत आहेत. ही नोंद नसलेल्या चालकाला मात्र यातील कशाचीही ओळख असणे अपेक्षित नाही.

फलक काय सांगतो?

टँकरवरील आपत्कालीन माहिती फलकावर मालाचे नाव, संयुक्त राष्ट्रांचा चार अंकी क्रमांक, दूरध्वनी क्रमांक आणि आग विझवण्यासंबंधीचा संकेत असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०१७ म्हणजे क्लोरीन. संकेतातील ३ हा आकडा फेस वापरावा असे सांगतो, तर शेवटी ‘ई’ हे अक्षर असल्यास परिसर रिकामा करण्याचा विचार करावा, असा त्याचा अर्थ होतो. ज्याला हे वाचता येते, तो पोलीस आणि अग्निशमन दलाला पहिल्याच दूरध्वनीत नेमकी माहिती देऊ शकतो.

जयपूरजवळील भांकरोटा येथे २० डिसेंबर २०२४ रोजी एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली. गळलेला वायू पसरला, पेटला आणि ३० हून अधिक वाहने आगीच्या कचाट्यात आली. एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि सखल भागात साचते. त्यामुळे वाऱ्याची दिशा पाहून उंचावर जाणे, इंजिन बंद करणे, काडी न पेटवणे या साध्या गोष्टी माहीत असणे आवश्यक ठरते. तेथे हाताशी वेळ अत्यल्प होता, हेही खरे. प्रशिक्षण प्रत्येक दुर्घटना टाळू शकत नाही.

आक्षेप आणि मधला मार्ग

सर्वांना सरसकट तीन दिवसांचे प्रशिक्षण सक्तीचे करण्यास विरोध होण्याची कारणे स्पष्ट आहेत. चालकाची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते आणि शुल्काचा भार पडतो. सिमेंट किंवा धान्य वाहणाऱ्याला टँकरच्या झडपांचे ज्ञान रोज उपयोगी पडत नाही. सक्ती झाली की शिकण्यापेक्षा प्रमाणपत्र मिळवण्यावर भर येण्याची भीतीही असते.

युरोपातील एडीआर करारात यासाठी दोन स्तर आहेत. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला परीक्षा देऊन पाच वर्षांचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याहून कमी माल नेणाऱ्यालाही त्याच्या कामापुरते प्रशिक्षण आवश्यक असते. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून धोकादायक मालाची परवानगी प्रथमच घेणाऱ्या चालकाला परीक्षेपूर्वी सैद्धांतिक प्रशिक्षण बंधनकारक आहे.

भारतात मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांतील अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. फलक ओळखणे, सुरक्षित अंतर राखणे, गर्दी हटवणे आणि योग्य माहिती कळवणे एवढा भाग त्यात दोन-तीन तासांत बसू शकतो. तीन दिवसांचे पूर्ण प्रशिक्षण प्रत्यक्ष धोकादायक माल नेणाऱ्यांसाठीच राहील. मात्र अवजड वाहनांच्या परवान्यासाठी २०१९ मध्ये आठवी उत्तीर्णची अट काढून टाकण्यात आल्याने ही ओळख पुस्तकातून नव्हे, तर चित्रे आणि प्रात्यक्षिकांतून, चालकाच्या स्वतःच्या भाषेत द्यावी लागेल.

सर्वांना तज्ज्ञ करण्याची गरज नाही. उलटलेल्या टँकरजवळ पहिल्यांदा पोहोचणाऱ्या ट्रकचालकाला पुढे जायचे की लोकांना मागे हटवायचे, एवढे कळले तरी कवठ्यासारख्या प्रसंगी हाती असलेला वेळ वाया जाणार नाही.