बीथोव्हेनने हॉर्नची ललकारी बासूनला का दिली?

बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी १८०८ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिच्या पहिल्या भागात हॉर्न एक ललकारी देतात आणि नवी धून सुरू होते. पुढे हीच ललकारी परत येते, पण तेव्हा ती हॉर्न नाही, तर बासून हे लाकडी वाद्य वाजवतं.

असं का?

ट्रम्पेट असो की हॉर्न, पितळी वाद्यात आवाज तयार होतो तो वाजवणाऱ्याच्या ओठांच्या कंपनातून. नळीची लांबी कायम असेल तर बिगुलासारखे ठरावीकच स्वर स्वच्छ निघतात. त्या काळच्या हॉर्नला कळा नव्हत्या. पट्टी बदलायची तर नळीचा जादा तुकडा काढून दुसरा बसवावा लागे. ललकारी परत येते ती वेगळ्या पट्टीत, आणि मध्ये तेवढा वेळ नव्हता. म्हणून बासून!

१८१८ मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. दाबायच्या कळा आल्या आणि हॉर्न-ट्रम्पेटवर सगळे स्वर वाजू लागले.

मग आता काहीही लिहिलं तरी चालतं का? तर नाही.

ट्रॉम्बोन घ्या. त्याच्या सरकत्या नळीच्या सात जागा असतात. खालच्या पट्ट्यात शेजारशेजारचे दोन स्वर असे आहेत, की एकासाठी नळी पूर्ण आत लागते, तर दुसऱ्यासाठी पूर्ण बाहेर. कागदावर एका पायरीचं अंतर, पण हाताला अख्खी फेरी. हे दोन स्वर भराभर आलटून पालटून लिहिले, तर वाजवणाऱ्याचे हाल ठरलेले.

दुसरी गोष्ट ओठांची. व्हायोलिनवाला बराच वेळ न थांबता वाजवू शकतो. ट्रम्पेटवर मात्र उंच स्वर सलग धरले की ओठांचे स्नायू थकतात, सूर हलतो आणि शेवटी स्वर फुटतो. त्यामुळे जाणकार संगीतकार एक ओळ ट्रम्पेटला दिली, की पुढची दुसऱ्या वाद्याकडे सोपवतात. शेवटच्या मोठ्या स्वरासाठी ताकद राखून ठेवायची, तर त्याआधी विश्रांती लिहावी लागते.

आज धून कॉम्प्युटरवर लिहून लगेच ऐकता येते. अडचण एकच: कॉम्प्युटरला ना श्वास लागतो, ना त्याचे ओठ दमतात. म्हणून लिहिलेली ओळ आधी स्वतः गाऊन बघायची. गाताना दम लागला, तर ट्रम्पेटवाल्यालाही लागण्याची शक्यता मोठी.