चार चुडांमधली गोळी

भातसंशोधनाची गोष्ट सांगायची तर लोक जातीपासून सुरुवात करतात. १९६६ साली फिलिपाईन्समधल्या लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ प्रसारित केली, १९६८ मध्ये आपल्याकडे जया आली, मग रत्ना, कर्जत केंद्राच्या जाती, सह्याद्री संकरित. जातीला नाव असतं, पिशवीवर छापता येतं, तिचा प्रसारण समारंभ होतो. खत कुठे टाकायचं, रोप किती अंतरावर लावायचं, पेंढ्याचं काय करायचं, हे शोधणाऱ्या कृषिविद्यावेत्त्याच्या वाट्याला असलं काही येत नाही. पण आयआर-८चीच आकडेवारी पाहिली तर जात काढणारा आणि कृषिविद्यावेत्ता या दोघांच्या कामाची वाटणी कळते. संस्थेचे कृषिविद्यावेत्ते सुरजितकुमार डे दत्ता यांच्या चाचण्यांत ही बुटकी जात खत न देता हेक्टरी सुमारे ५ टनांपर्यंत गेली आणि हेक्टरी १२० किलो नत्र मिळाल्यावर ९ टनांच्या पुढे. म्हणजे जातीने फक्त न लोळता नत्र पचवण्याची ताकद दिली. ते नत्र मुळाशी पोचवणं हे वेगळं काम होतं, आणि कोकणापुरतं बोलायचं तर तेच अधिक अवघड ठरलं आहे.

चारसूत्री भात लागवड हे त्या कामाचं मराठी मुलखातलं सर्वांत विचारपूर्वक उत्तर आहे, असं माझं मत आहे. डॉ. एन. के. सावंत यांनी ते मांडलं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात असलेल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्राच्या कामात त्यांनी युरियाच्या मोठ्या गोळ्या चिखलात खोल घालण्याचा आणि भातातल्या सिलिकॉनचा बराच अभ्यास केला होता. सूत्रं कोकणातल्या कुणालाही एका दमात सांगता येतील. पहिलं, भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची आणि पेंढा शेतात गाडायचा. दुसरं, चिखलणीआधी गिरिपुष्पाचा हिरवा पाला, हेक्टरी ३ टनांच्या आसपास, घालायचा. तिसरं, नियंत्रित लावणी. चौथं, युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांच्या चार झुबक्यांच्या, मधोमध खोल खोचायची. पहिली दोन सूत्रं शेतकऱ्याला नवी वाटण्याचं कारण नाही. रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या राखेतूनच पालाश आणि सिलिका देत आला आहे. भाताचं ताट सिलिकाने कडक होतं, करप्याला आणि खोडकिड्याला सहजासहजी दाद देत नाही. सावंतांनी भाजणं टाळून राखेचा गुण तेवढा ठेवला. खरी कळ तिसऱ्या आणि चौथ्या सूत्रात आहे, आणि ती दोन सूत्रं वेगळी काढता येत नाहीत.

आता ती गोळी जवळून पाहू. उशीच्या आकाराची, वजन २.७ ग्रॅम, ६० भाग युरिया आणि ४० भाग डीएपी. लावणीसाठी नेहमीची दोरी चालत नाही. तिच्यावर १५ सेंटिमीटर, मग २५, मग पुन्हा १५, अशा खुणा लागतात. दोन्ही दिशांना तेच अंतर पाळलं की चार चुडांचा १५ सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो आणि चौकोनाभोवती २५ सेंटिमीटरची वाट राहते. प्रत्येक चुडात दोन-तीन रोपं. लावणी झाली की त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची, बोट बाहेर काढताना भोक चिखलाने बुजवायचं. चिखल पातळ झाला तर गोळी हवी तिथे थांबत नाही, घट्ट झाला तर भोक उघडं राहतं आणि विरघळलेलं नत्र पुन्हा पाण्यात येतं. इथे हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ४० सेंटिमीटरच्या प्रत्येक चौरसात चार चूड, म्हणजे चौरस मीटरला २५. नेहमीच्या २० बाय २० सेंटिमीटरच्या लावणीतही चौरस मीटरला २५च चूड बसतात. मग रचना बदलून मिळालं काय? रोपांची संख्या तीच राहिली, पण गोळीची जागा नेमकी ठरली आणि पायाची जागाही ठरली. बेणणी करणारी बाई २५च्या वाटेने चालते आणि १५च्या चौकोनात तिचा पाय पडत नाही, म्हणून गोळी जागची हलत नाही. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, सुमारे १७० किलो खत, त्यातून साधारण ५८ किलो नत्र आणि ३० किलो स्फुरद. कोकणात फेकून द्यायची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची असते, हे लक्षात घेतलं की या चौकोनाचं मोल कळतं.

खोलीने एवढा फरक का पडावा, याचं उत्तर जपानात १९४०च्या आसपासच मिळालं होतं. पाणी साचलेल्या खाचरात वरचा काही मिलिमीटरांचा थर प्राणवायू असलेला असतो आणि त्याखाली प्राणवायू नसतो. वर टाकलेलं नत्र त्या पातळ थरात नायट्रेट होतं, खाली झिरपतं आणि प्राणवायू नसलेल्या मातीतले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. जपानी संशोधक शिओइरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं, आणि जपानी शेतकरी खत मातीच्या गोळ्यांत मिसळून चिखलात दाबू लागले. दुसरी गळती दिवसाउजेडी होते. शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि अमोनिया हवेत उडतो. अशा दोन्ही वाटांनी, फेकून दिलेल्या युरियातलं नत्र पिकाच्या अंगी सहसा एकतृतीयांशाच्या आसपासच लागतं. कोकणात मात्र मला तिसरी गळती मोठी वाटते. जुलैच्या ढगाळ दिवसांत शेवाळाचा प्रताप कमी, पण अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात बांधावरून वाहणारं पाणी मोठं. वरच्या खाचरात सकाळी फेकलेला युरिया संध्याकाळी खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यात. लावणीला ४० टक्के, फुटव्यांच्या वेळी ४० आणि लोंबी पोटात धरताना २० हा शिफारशीतला हप्ता कागदावर बिनचूक आहे. तो द्यायला पाऊस सवड देईल तेव्हा ना! गोळी एकदाच, लावणीच्याच दिवशी जाते. खालच्या थरात युरियाचं अमोनियम होतं, ते चिकणमातीच्या कणांना धरून राहतं आणि मुळं त्याच्याकडे वाढत जातात.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला जमिनीचा. ज्या खाचरात पाणी ठरत नाही, रेताड किंवा भसभशीत जांभा माती आहे, तिथे खोल घातलेला युरिया अमोनियम होण्याआधीच पाण्याबरोबर आणखी खाली निघून जाऊ शकतो. रायगडच्या भारी जमिनीत जे चालतं ते सिंधुदुर्गातल्या प्रत्येक सड्यावर तसंच चालेल, असं मानणं चूकच. दुसरा आक्षेप असा की २०१५पासून देशातला सगळा युरिया कडुलिंबाचं लेपन करून येतो, मग गोळी कशाला? लेपनाने नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो हे खरं, पण बांधावरून वाहून जाणाऱ्या पाण्याला लेपन अडवत नाही. तिसरा आक्षेप अधिक मुळावरचा आहे: चिखलणी आणि लावणीच का करायची? नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र दोन्ही टाळतं. गादीवाफ्यावर साच्याने भोकं पाडून बी थेट टोकायचं, नंतर नांगरट नाही. ज्या घरात लावणीला माणसंच मिळत नाहीत तिथे त्याचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. पण खलाटीतल्या ज्या खाचरात पावसाळाभर पाणीच साचून राहतं, तिथे लावणी सुटत नाही, आणि लावणी आहे तोवर नत्राचा प्रश्न आहेच.

खरा अडसर मजुरीचा आहे, आणि इथे शेतकऱ्याला अडाणी ठरवून सुटका करून घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ६२,५०० गोळ्या. दर गोळीला चार सेकंद धरले तरी जवळपास सत्तर तास होतात, म्हणजे हेक्टरी आठ-नऊ मजूरदिवस. बदल्यात वाचतं काय? ४० किलो नत्र म्हणजे ८७ किलो युरिया. ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना त्याची किंमत पाचशे रुपयांच्या आसपास भरते. त्यात दोन मजूरदिवसही धड निघत नाहीत. सरकार युरियावर जे अनुदान देतं त्यामुळे वाया जाणारं नत्र शेतकऱ्याच्या खिशाला बोचत नाही. ते बोचतं सरकारी तिजोरीला आणि खाडीच्या पाण्याला. म्हणून खत वाचवा, हा प्रचार निष्फळ ठरणारच होता. गोळीच्या बाजूने एकच हिशोब उभा राहतो, वाढीव उत्पादनाचा. २०२४-२५च्या हमीभावाने साधारण भाताचा क्विंटल २,३०० रुपयांचा. हेक्टरी पाच क्विंटल जरी वाढले तरी साडेअकरा हजार होतात आणि मजुरी भागून वर उरतं. मग अडतं कुठे? ते आठ-नऊ दिवस लावणीच्याच आठवड्यात लागतात, जेव्हा गावात पैसे देऊनही माणूस मिळत नाही. दहा गुंठ्यांच्या घरच्या खाचराला साधारण सहा हजार गोळ्या, त्या घरची माणसं दीड-दोन संध्याकाळी खोचतील. दोन हेक्टर मजुरांवर करणाऱ्याला ते जमणार नाही. तंत्र लहान शेतकऱ्याला सोयीचं आणि मोठ्याला गैरसोयीचं असणं ही आपल्या कृषिविस्तारात इतकी दुर्मिळ गोष्ट आहे की प्रात्यक्षिकांसाठी पुन्हा ऐपतदार शेतकरीच निवडले जाताना पाहून वाईट वाटतं.

यंत्राने हे सुटेल, असं कुणी म्हणेल. गोळी खोचणारी हातयंत्रं अनेक देशांत बनली, पण चिखलाने त्यांची नळी तुंबते आणि दमट हवेत गोळ्या एकमेकींना चिकटतात. जपानी लावणीयंत्रांना ओळीच्या बाजूला खत पुरणारा जोड असतो, तो हेच तत्त्व वापरतो. पण त्या यंत्राची ओळ ३० सेंटिमीटरला बांधलेली, किंमत लाखांत आणि दोन गुंठ्यांच्या पायरीखाचरात त्याला वळायलाही जागा नाही. त्याहून चिवट अडचण गोळी बनवणाऱ्या यंत्राची आहे. खळगे असलेल्या दोन रुळांमधून खत दाबलं जातं, रचना साधी, गावातला फिटर दुरुस्त करील अशी. पण युरिया आणि डीएपीचं मिश्रण नुसत्या युरियापेक्षाही लवकर पाणी ओढतं. आधी बनवून ठेवलेल्या गोळ्या जूनमध्ये घाम सोडतात, त्यामुळे बंद प्लॅस्टिक पिशवीची काळजी घ्या नाहीतर लावणीच्या तोंडावर बनवा. म्हणजे यंत्र वर्षातून दोन-तीन आठवडे चालणार. प्रात्यक्षिक असेल त्या वर्षी गोळ्या येतात आणि योजना संपली की दुकानात दिसेनाशा होतात, याचं मूळ मला इथे दिसतं. बांगलादेशात हीच गोळी ‘गुटी युरिया’ म्हणून नव्वदच्या दशकापासून पसरली, कारण तिथे आउश, आमन, बोरो असे भाताचे तीन हंगाम आहेत आणि खतविक्रेत्याने घेतलेलं यंत्र वर्षातले बरेच महिने कमावतं. कोकणात भात बहुतेक ठिकाणी एकदाच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अन्नपूर्णा ब्रिकेट’ काढून नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही असलेली गोळी भाताबरोबर भाजीपाल्यालाही दिली, तेव्हा तिचा शेतीशास्त्रीय उपयोग तर होताच, पण उन्हाळी कलिंगड, वांगी, भेंडी करणारा शेतकरी ती विकत घेऊ लागला तर भाताच्या गोळीचं यंत्रही जून उजाडेपर्यंत गंजणार नाही. कोकणातलं रब्बी-उन्हाळी भाजीचं क्षेत्र पाण्याअभावी आजही लहान आहे, आणि भाताच्या खताचा प्रश्न असा फिरून डिसेंबरनंतरच्या पाण्यापाशी येऊन थांबतो.